हातात मावणारी आकडेकोडी: सुडोकूची यंत्रं आणि त्यांची भावंडं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आकडेकोड्यांची हातात मावणारी यंत्रं आहेत, काही चालू, काही बंद. मी ती गोळा करतो, उघडतो, जमेल तशी दुरुस्त करतो आणि मुख्य म्हणजे त्यांवर खेळतो. कोल्हापुरातून, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजहून लोक त्यांबद्दल विचारत असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. ही यंत्रं म्हणजे नक्की काय? त्यात फक्त सुडोकूच असतं का?

नाही. सेलवर चालणारं, छोट्या स्क्रीनचं आणि आकड्यांचं कोडं घालणारं कुठलंही यंत्र मी यात धरतो. सगळ्यात जास्त खपतं ते सुडोकू. त्याशिवाय १ ते १५ आकडे सरकवून ओळीत लावायचं कोडं, यंत्राने मनात धरलेला आकडा ओळखायचा खेळ, सारखे आकडे जोडत २०४८ पर्यंत पोचायचा '२०४८' हा खेळ आणि मुलांना गणितं घालणारी यंत्रं असतात.

सुडोकू जपानी वाटतं, पण ते पहिल्यांदा छापलं गेलं अमेरिकेत, १९७९ साली. हॉवर्ड गार्न्स नावाच्या वास्तुरचनाकाराने ते रचलं होतं. १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते उचललं. तिथल्या माकी काजी यांनी दिलेल्या लांबलचक नावाचा अर्थ होता, 'आकडे एकटेच हवेत'. त्याचं आखूड रूप म्हणजे सुडोकू. वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशांनी अशी कोडी तयार करणारा संगणक प्रोग्राम लिहिला आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये पहिलं कोडं आलं. हातातली सुडोकू यंत्रं बाजारात ढिगाने आली ती त्यानंतरच्या लाटेत.

२. माझं गणित पहिल्यापासून कच्चं. मला जमेल काय?

जमेल. सुडोकूत बेरीज-वजाबाकी काहीच नसते. ९ आडव्या ओळी, ९ उभ्या ओळी आणि ३×३ घरांच्या ९ पेट्या. प्रत्येकीत १ ते ९ एकेकदाच यायला हवेत. आकड्यांच्या जागी क, ख, ग घातलं तरी कोडं तेच राहतं. लागतो तो धीर, आणि 'इथे हा बसूच शकत नाही' असं म्हणत म्हणत उरलेल्यावर बोट ठेवण्याची सवय.

३. मोबाईलवर फुकट मिळतंय, मग वेगळं यंत्र कशाला घ्यायचं?

मोबाईलवर कोडं अर्ध्यात आलं की जाहिरात येते, नाहीतर कुणाचा तरी फोन. यंत्रात दुसरं काही नसतंच. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर पडून मुंबईपर्यंत खेळा, मोबाईलचं चार्जिंग जसंच्या तसं राहतं. खरी बटणं असली की बोटांना जागा पाठ होते आणि नजर कोड्यावरून हलत नाही. हे सुख काचेवर मिळत नाही. मात्र यंत्र चांगलं हवं. वाईट यंत्रापेक्षा मोबाईल परवडला, आणि त्याहून परवडलं वर्तमानपत्रातलं कोडं आणि पेन्सिल.

४. दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं की यंत्र चांगलं खेळतंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहितो. दुकानदाराला सेल घालून द्यायला सांगा आणि पाच मिनिटं मागा.

आधी बारीक आकडे बघा. कागदावर सोडवताना आपण घराच्या कोपऱ्यात '२ किंवा ६' असं पेन्सिलीने टिपून ठेवतो. ती सोय यंत्रात आहे का, आणि एका घरात किती आकडे टिपता येतात? नऊच्या नऊ टिपता आले तर उत्तम. काहींत दोन-तीनच मावतात, त्यावर मधल्या पातळीपर्यंत निभतं. सोय अजिबात नसेल तर ते यंत्र सोप्या कोड्यांपुरतंच समजा, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

मग चुकीचा आकडा मुद्दाम भरा. लगेच 'टीं' वाजून आकडा नाकारला, तर ती खूण वाईट. अशा यंत्रावर विचार न करता एका घरात १, २, ३ असं दाबत गेलं तरी कोडं सुटतं. यंत्रच उत्तर सांगत बसतं. ही तपासणी बंद करता येत असेल तर हरकत नाही. मला आवडतं ते यंत्र गप्प बसणारं आणि विचारल्यावरच 'चूक आहे' म्हणणारं.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. बाणांच्या बटणांनी डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जा. साध्या यंत्रात आठदा उजवीकडे आणि आठदा खाली, म्हणजे १६ वेळा बटण दाबावं लागतं. चांगल्या यंत्रात डावीकडून बाहेर पडलं की उजवीकडून आत येतो, वरून गेलं की खालून येतो. दोन दाबांत काम होतं. एका कोड्यात अशा फेऱ्या कितीतरी होतात. अंगठा दुखायला लागला की माणूस कोडं सोडतो आणि दोष स्वतःच्या डोक्याला देतो.

शेवटी सगळ्यात अवघड पातळी लावा आणि आधीपासून भरलेले आकडे मोजा. १७ पेक्षा कमी भरले तर यंत्र परत द्या. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

घासाघीस यानंतर करा.

५. डब्यावर '१० लाख कोडी' असं लिहिलंय. खरं असतंय काय?

आकडा खरा असू शकतो, पण त्याने भुलू नका. एका कोड्यात सगळे १ आहेत तिथे ५ घाला, ५ तिथे ९ घाला, अशी आकड्यांची अदलाबदल केली की दिसायला नवं कोडं तयार होतं. अशा अदलाबदली ३,६२,८८० प्रकारे करता येतात. म्हणजे आत मूळ कोडी तीनच असली तरी १०,८८,६४० कोडी झाली! त्यात ओळींची अदलाबदल करणं आणि अख्खी चौकट फिरवणं धरलं, तर एकाच कोड्याची एक लाख कोटींहून जास्त रूपं होतात.

ओळखायचं असेल तर सलग वीसेक कोड्यांचे फोटो काढा आणि आकडे न बघता भरलेल्या घरांची नक्षी बघा. तीच नक्षी पुन्हा पुन्हा आली तर आत मूळ कोडी थोडीच आहेत. ओळी हलवलेल्या असतील तर डोळ्याला पत्ता लागणार नाही, आणि तसं असेल तर खेळायला काही बिघडतही नाही. रोज दोन सोडवली तरी १० लाख संपायला साडेतेराशेच्या वर वर्षं लागतील. मी त्या आकड्याकडे बघतसुद्धा नाही, प्रश्न ४ मधल्या चार गोष्टी बघतो.

६. 'अवघड' लावलं तरी दहा मिनिटांत सुटतंय. यंत्र बिघडलंय, की मी हुशार झालो?

हात बसला असेल तर आनंदच आहे. पण पुष्कळ यंत्रं अवघडपणा मोजतात तो भरलेल्या आकड्यांवरून: ३६ भरले की सोपं, २६ भरले की अवघड, अशा तऱ्हेने. हे माप लंगडं आहे. १७ आकड्यांचं कोडंही सरळ सुटणारं असू शकतं आणि २८ आकड्यांचं डोकं धरायला लावतं.

खरा अवघडपणा कुठली युक्ती लागते यात असतो. एका घरात एकच आकडा उरतो, किंवा एका पेटीत एका आकड्याला एकच घर उरतं, इतक्यावर सुटलं तर ते सोपं. एकाच ओळीतल्या दोन घरांत फक्त '३ किंवा ८' उरलेत, म्हणून त्या ओळीत बाकी कुठेच ३ आणि ८ नाहीत, ही जोडीची युक्ती लागली की मधली पातळी. दोन आडव्या ओळींत ५ ला दोन-दोनच घरं उरली आणि ती बरोबर त्याच दोन उभ्या ओळींत आली, तर त्या उभ्या ओळींतले बाकीचे ५ खोडता येतात. हे दिसायला लागलं की अवघडाच्या दारात आलात. बारीक आकडे न टिपता तुमचं 'अवघड' सुटत असेल, तर यंत्राची पातळी नावापुरती आहे.

७. सगळे नियम पाळून चौकट भरली, एकही आकडा दोनदा आलेला नाही, तरी यंत्र 'चूक' म्हणतंय. असं कसं?

तुम्ही बरोबर आहात आणि यंत्राचं कोडं वाईट आहे. चांगल्या सुडोकूला एकच उत्तर असतं. स्वस्त यंत्रांत कधी कधी दोन किंवा जास्त उत्तरांची कोडी येतात. यंत्राच्या पोटात त्यातलं एकच साठवलेलं असतं. ते तुमचे नियम तपासत नाही, स्वतःच्या उत्तराशी ताडून बघतं आणि जुळलं नाही की 'चूक' दाखवतं.

खात्री करून घेण्याची रीत अशी. तुमचं उत्तर आणि यंत्राने दाखवलेलं उत्तर शेजारी ठेवा आणि फरक कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा चार घरं सापडतील, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखी, आणि ती दोनच पेट्यांत असतील. तुमच्याकडे वर ४-७ आणि खाली ७-४, यंत्राकडे वर ७-४ आणि खाली ४-७. ओळी, स्तंभ, पेट्या, काहीच बिघडत नाही. या चारपैकी एकही घर आधीपासून भरलेलं नव्हतं, म्हणून दोन्ही उत्तरं चालतात.

आता १७ चं कारण. डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर प्रचंड शोध घेऊन २०१२ मध्ये जाहीर केलं की एकच उत्तर असणारं १६ आकड्यांचं सुडोकू असूच शकत नाही. त्यामुळे १६ किंवा कमी आकडे भरलेलं कोडं दिसलं, तर त्याला एकाहून जास्त उत्तरं आहेतच. उलट मात्र खरं नाही, ३० आकडे भरलेलं कोडंही सदोष निघू शकतं.

माझ्याकडच्या एका बिननावाच्या यंत्रात मला हा दोष महिनाभर कळला नव्हता. शेवटी दोनच आकडे उरले की मी अंदाज लावायचो, कधी 'वा' यायचं, कधी 'चूक'. वाटायचं, मधली एखादी युक्ती आपल्याला येत नाही. ज्यांना असं वाटतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो: नीट केलेल्या सुडोकूत अंदाज लावावा लागत नाही. लावावाच लागत असेल, तर आधी कोड्यावर संशय घ्या.

८. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना कुठलं घेऊ?

स्क्रीन मोठी घ्या, बाकी सगळं दुय्यम. ८१ घरं एका छोट्या स्क्रीनवर बसवली की आकडा तांदळाएवढा होतो. आकडे कॅल्क्युलेटरसारखे सात कांड्यांचे असतील तर ६ आणि ८ यांतला फरक एकाच कांडीचा असतो, अंधुक उजेडात तो हमखास चुकतो. ठिपक्यांनी बनवलेले आकडे जास्त गोल आणि स्पष्ट असतात.

करड्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो. दुपारी खिडकीत बसून ती छान दिसते, दिवेलागणीनंतर रंकाळ्यावरच्या बाकावर दिसत नाही. मागून उजळणारी स्क्रीन मिळाली तर घ्या, सेल लवकर संपतील एवढंच. पेनाने टोचायची स्क्रीन हात थरथरणाऱ्या माणसाला देऊ नका, शेजारच्या घरात आकडा पडतो. मोठी, वेगवेगळी बटणं बरी.

९. गॉगल घालून बघितलं की स्क्रीन काळी पडते. बिघाड आहे का?

नाही. स्क्रीनवर प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा पापुद्रा असतो आणि काही गॉगलच्या काचाही तशाच असतात. दोन्ही आडव्या-उभ्या आल्या की प्रकाश अडतो. यंत्र हातातच थोडं फिरवा किंवा गॉगल काढा.

१०. १ ते १५ सरकवायच्या कोड्यात सगळं लागलं, फक्त १४ आणि १५ उलटे राहिले. काय करू?

खालचा उजवा कोपरा रिकामा आणि बाकी सगळं जागेवर असेल, तर काहीच करू नका. ते सुटणारच नाही. १८८० च्या सुमारास अमेरिका आणि युरोपात या कोड्याचं वेड पसरलं होतं आणि नेमक्या याच दोन आकड्यांपायी लोकांनी रात्री जागवल्या. ते अशक्य आहे हे गणितज्ञांनी १८७९ मध्येच दाखवून दिलं होतं. मनात येतील तसे १५ आकडे मांडले तर निम्म्या मांडण्या सुटतात, निम्म्या कधीच सुटत नाहीत.

तपासायचं कसं? रिकामं घर खालच्या उजव्या कोपऱ्यात आणा. मग आकडे ओळीने वाचा आणि मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी आलाय अशा सगळ्या जोड्या मोजा. बेरीज सम आली तर सुटेल, विषम आली तर नाही. फक्त १५-१४ उलटे असतील तर जोडी एकच, म्हणजे विषम.

चांगलं यंत्र लावलेल्या चौकटीतूनच खरोखर सरकवत सरकवत कोडं विस्कटतं, त्यामुळे ते सुटणारंच असतं. नुसते आकडे फेकणारं यंत्र निम्म्या वेळा फसवतं. प्लॅस्टिकच्या खेळण्यात हे झालं, तर घरातल्या कुणीतरी ठोकळे उचकटून पुन्हा बसवलेत असं समजा.

११. आकडा ओळखायच्या खेळात यंत्र मोजणीत चुकतंय असं वाटतं. नियम काय?

तुम्ही चार आकडे टाकता. यंत्र सांगतं, इतके योग्य जागी आणि इतके आहेत पण जागा चुकली. एकच आकडा दोनदा यायला मुभा असली की घोटाळा वाटतो. यंत्राच्या मनात ३३५१ आहे आणि तुम्ही ३५५३ टाकलं असं धरा. पहिला ३ जागेवर, तिसरा ५ जागेवर, म्हणजे योग्य जागी दोन. उरले यंत्राचे ३ आणि १, तुमचे ५ आणि ३. त्यातला ३ जुळतो पण जागा चुकली, म्हणून एक. तुमच्या दुसऱ्या ५ ला काही मिळत नाही, कारण यंत्राचा एकुलता ५ आधीच खर्ची पडला. यंत्राने त्या ५ ची पण मोजणी केली, तर चूक यंत्राचीच.

चारही आकडे वेगळे आणि ० ते ९ मधले असतील तर ५,०४० शक्यता होतात. नीट खेळलं तर जास्तीत जास्त सात प्रयत्नांत आकडा सापडायलाच हवा. सातपेक्षा कमी प्रयत्न देणारं यंत्र नशिबावर सोडतं.

१२. नात पहिलीत आहे. तिच्यासाठी काय घेऊ?

तिला सुडोकू द्यायचंच असेल तर ४×४ चं द्या. पण बेरीज-वजाबाकी विचारणारं साधं यंत्र तिला जास्त आवडेल. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७६ मध्ये 'लिटल प्रोफेसर' काढलं, ते कॅल्क्युलेटरच्या उलट होतं: यंत्र गणित घालायचं, मूल उत्तर द्यायचं. चुकलं की तीन इंग्रजी 'ई' दिसायचे आणि पुन्हा प्रयत्न करता यायचा. या जातीत बघायची गोष्ट एवढीच, की यंत्र चुकीवर ओरडतं का? ओरडणारं घेऊ नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरात लहान मूल असेल तर बटण सेलवाल्या यंत्राचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. नाण्याएवढा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. संशय जरी आला तरी सकाळची वाट बघू नका, कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्या.

१३. पावसाळ्यानंतर काढलं तर चालूच होईना, सेलच्या जागी पांढरं-हिरवं काहीतरी जमलंय.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, तिथे सेलचं काय होणार! सेल फुटलाय. आधी तो काढा, हाताला लागू देऊ नका. सेलवर 'अल्कलाइन' लिहिलं असेल तर कापसाच्या काडीवर थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पत्र्या पुसा. साधा स्वस्त सेल असेल तर त्याचं गळणं आम्लाकडे झुकतं, तिथे खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट लावा. मग स्वच्छ ओल्या काडीने पुसा, कोरडं करा, वाळू द्या. पत्री काळी राहिली तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. महिनाभर खेळणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा.

चार्ज होणारे पेन्सिल सेल चालतात. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असल्याने आकडे जरा फिके दिसतील आणि 'सेल संपला' ची खूण लवकर येईल.

१४. काही ओळी दिसतच नाहीत / एक बटण दाबलं जातच नाही. दुरुस्त होईल?

पुष्कळदा होतं. स्क्रीन आणि पाटी (सर्किट बोर्ड) यांच्यामध्ये काळ्या-पांढऱ्या थरांची रबराची पट्टी असते. यंत्र आपटलं की ती सरकते आणि काही ओळी गायब होतात. उघडून पट्टी आणि तिच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट दाबून बसवली की आकडे परत येतात. बटणांचंही तसंच, रबराखालचा काळा ठिपका मळलेला असतो. पाटीवर थेट बसवलेला काळा गोळा म्हणजे यंत्राचा मेंदू. तो गेला असेल तर विषय संपला, सुटे भाग काढून ठेवा.

१५. सेल बदलताना अर्धवट कोडं जातं. वाचवता येतं का?

यंत्राला दोन सेल असतील तरी एकेक बदलून उपयोग नाही, ते सहसा एकापाठोपाठ जोडलेले असतात. सरळ मोबाईलवर फोटो काढा आणि कोडं कागदावर पुरं करा. बंद केल्यावर कोडं जागेवर राहतं का, हे मात्र विकत घेतानाच तपासा.

१६. याने बुद्धी तल्लख होते, विसरभोळेपणा टळतो म्हणतात. खरं का?

सुडोकू खेळून सुडोकूत हात बसतो, हे नक्की. आजार टळेल असं डब्यावर लिहिलं असेल तर त्यासाठी पैसे देऊ नका. खेळायला आवडतं, हे कारण पुरे आहे. विसरण्याचा त्रास वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

१७. यंत्र घ्यायचं नाही. घरातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर काही खेळता येईल?

येईल, आणि तो खेळ आपल्या मातीतला आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी तो १९४९ मध्ये शोधला. चार आकडे घ्या. उतरत्या क्रमाने लावून एक संख्या, चढत्या क्रमाने लावून दुसरी. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा.

३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता. दोघं खेळत असाल तर दोघांनी एकेक संख्या निवडायची, ज्याला जास्त पायऱ्या लागतील तो जिंकला.

दोन पथ्यं पाळा. मध्येच ९९९ सारखं तीन आकडी उत्तर आलं तर ते ०९९९ धरा, शून्य सोडू नका. आणि चारही आकडे सारखे घेऊ नका, ११११ मधून शून्यच उरतं. तीन आकड्यांवर हाच खेळ ४९५ वर येऊन थांबतो.